धुऊन आलेला पेनड्राईव्ह

पेनड्राईव्ह लावला की तो आपला आपण उघडावा, एवढंच बायकोचं म्हणणं होतं. माणसानं बायकोचं ऐकू नये असं कुठल्या शासन निर्णयात नाही. मी ऐकलं. पुढं त्यात एसटी स्टँड, माण तालुक्यातली एक अख्खी वस्ती, शेजारचे सुभेदार आणि मिरजेचं हॉस्पिटल ओढलं जाईल हे मला काय माहीत?

आमचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. हे मी लोकांना मुद्दाम सांगतो, कारण साताऱ्यात आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत दुसऱ्या कुणाचा चालत नाही. जुन्या विंडोजनं एक दिवस मान टाकली, तेव्हा पोवई नाक्यावरचा मोहसीन म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आहे. लिनक्स टाकून देतो, आयुष्यभर मला दुवा द्याल." मी खरोखरच देतो. काय ते यंत्र हो! मी जिल्हा परिषदेत अधीक्षक होतो. नाही म्हणणारे कर्मचारी मी पोत्यानं पाहिलेत, पण नाही म्हणताना कारण लेखी देणारा मला फक्त लिनक्समध्ये भेटला. परवानगी नसली की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझंही ऐकत नाही, आणि मला ते आवडतं.

फक्त पेनड्राईव्हचं तेवढं किचकट होतं. लावला की गप्प बसायचा. मग खिडकी उघडा, त्याचं नाव शोधा, टिचकी मारा, पासवर्ड द्या, तेव्हा कुठं आतलं दिसणार. ही तजवीज मोहसीननंच केलेली, कारण भाच्याच्या लग्नाचे फोटो म्हणून मी एकदा जे काही घरात घेतलं होतं, त्यातच विंडोज दगावलं होतं. पासवर्ड मला एकट्याला ठाऊक. निवृत्तीनंतर माझी सही कुठंच लागेनाशी झाली होती. त्यामुळं आतल्या खोलीतून "अहो, या बरं जरा" अशी हाक आली की मी पेपर घडी करून ठेवायचो, रुबाबात आत जायचो, बायकोला तोंड फिरवायला लावायचो आणि पासवर्ड टाकायचो. एवढा मान मला ऑफिसातही नव्हता.

आता बायकोला पेनड्राईव्ह कशाला लागायचा, तर तिच्या मावशीसाठी. बायकोचं नाव राजेश्वरी, मावशी बनुबाई. मावशी दहिवडीच्या पुढं एका वस्तीवर राहतात. मुलगा मुंबईला, घरात सून साळूबाई आणि दावणीला शेळ्यामेंढ्या. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोर माणूस उभा आहे की खांब, हे त्यांना खांब बोलला तरच कळायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "डोळ्याला सुरी? नगं गं बाई. हाय ते बरं हाय." मुलानं त्यांना पेनड्राईव्हवर चालणारा एक स्पीकर आणून दिला होता, पण त्यावरची भजनं ऐकून ऐकून त्या कंटाळल्या. तेव्हा राजेश्वरी म्हणाली, मावशी, मी तुला एक गोष्ट सांगते, दर आठवड्याला थोडी थोडी. कुठल्या पुस्तकातली नाही, माझ्या डोक्यातली.

संसाराला इतकी वर्षं झाली, पण हिच्या डोक्यात गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं. आतल्या खोलीचं दार लावून ती कॉम्प्युटरवर बोलायची. मला आत यायला बंदी होती, कारण मी खोकतो, चपला फरफटवतो आणि मधेच काहीतरी विचारतो. त्यामुळं गोष्टीत एक मेंढी आहे, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं.

गोष्ट जायची एसटीनं. आमच्याकडं गावाकडचा डबा एसटीनं येतो. शिकायला ठेवलेल्या पोरांचे डबे असेच ड्रायव्हरच्या शेजारी बसून येतात. शुक्रवारी दहिवडीच्या गाडीनं मावशींचा डबा यायचा, त्यात भाकरी, खर्डा आणि ऐकून झालेला पेनड्राईव्ह. आमचा डबा परत जायचा, त्यात वड्या नाहीतर लाडू आणि नवा पेनड्राईव्ह. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही रीत दोन्हीकडून पाळली जायची. पेनड्राईव्ह दोन होते, दोन्ही स्टीलचे. अदलाबदल होऊ नये म्हणून राजेश्वरीनं ते भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरून घेतली, एकावर 'राजेश्वरी' आणि एकावर 'बनुबाई'. दुकानदारानं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे कसलं भांडं म्हणायचं?" ही म्हणाली, "गोष्टीचं." त्यानं कोरून दिलं.

असे पुष्कळ आठवडे गेले. मावशी गोष्टीत गुंतल्या, तेव्हा हिनं फासा टाकला. शेवटचा भाग पाठवते, पण ऐकल्यावर मिरजेला जाऊन डोळा करून घ्यायचा, कबूल? मावशींनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "बरं. पर शेवट ऐकल्याबिगर पाय उचलायची न्हाई." मिरजेची सोमवारची तारीख घेतली. रविवारी दाखल व्हायचं, म्हणजे शेवटचा भाग त्या आधीच्या शुक्रवारच्या गाडीनं जायलाच हवा होता. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळालेली. चुकली तर मावशी पुन्हा हो म्हणतील याची खात्री देवसुद्धा देत नव्हता.

आणि नेमकं त्या दिवसांत ही मला म्हणाली, "अहो, तुम्ही मंडईत गेलात की माझं काम अडतं. लावला की उघडेल असं काही करता येत नाही का?"

मोहसीन बहिणीच्या, सिमरनच्या, लग्नासाठी सांगलीला गेला होता. मी म्हटलं, आपण करू. त्यात काय आहे?

शेजारच्या सुभेदार बाळासोंना हे मी फाटकातच सांगितलं. ते सैन्यातून निवृत्त झालेत, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त व्हायचं आहे. ते गंभीर झाले. "साहेब, गेटवरचा संत्री काढताय तुम्ही. आज मावशीचा पेनड्राईव्ह आपोआप आत येईल, उद्या कुणाचाही येईल. आमच्या युनिटमध्ये कर्नलसाहेबांच्या मिसेसना सुद्धा पासशिवाय सोडत नव्हते." समोरचा धैर्यशील गाडी पुसता पुसता म्हणाला, "काका, कशाला डोकं लावताय? फॉरमॅट मारा सगळं." धैर्यशीलचा प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज असतो. त्याचा फ्रीज गार करेना तेव्हाही त्यानं हेच सुचवलं होतं.

मी कुणाचं ऐकलं नाही. इंटरनेटवर वाचलं, टिपणं काढली आणि कामाला बसलो. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक फाईल असते. सकाळी उठल्यावर कॉम्प्युटर पहिल्यांदा ती वाचतो: आज कोण कोण हजर पाहिजे, कुणाला कुठं बसवायचं. आपलं हजेरीपुस्तकच म्हणा ना. प्रत्येक पेनड्राईव्हला आधारकार्डासारखा स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो. त्या वेळी घरात 'बनुबाई' होता. त्याचा नंबर मी त्या फाईलमध्ये नोंदवला, फाईल बंद केली, पेनड्राईव्ह काढला आणि देवाचं नाव घेऊन परत लावला.

उघडला! पासवर्ड नाही, टिचकी नाही, आपला आपण! राजेश्वरी म्हणाली, "अगंबाई, खरंच की." ही बाई माझं कौतुक फार मोजून करते, तेव्हा मी लगेच कंदी पेढे आणले आणि पहिला सुभेदारांना दिला. त्यांनी पेढा खाल्ला, पण मान हलवली. 'बनुबाई' शेवटच्या आधीचा भाग पोटात घेऊन शुक्रवारच्या गाडीनं माणात गेला.

आमचा कॉम्प्युटर आम्ही बंद करत नाही, नुसता झोपवतो. त्यामुळं पुढचे काही दिवस सगळं सुरळीत चाललं. गुरुवारी राजेश्वरीनं शेवटचा भाग बोलून संपवला. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या, गल्लीत भंगारवाला, म्हणून तिला तो पुन्हा पुन्हा बोलावा लागला, आणि संपता संपता तिचा घसा पूर्ण बसला. आवाज म्हणून काही निघेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मौन सांगितलं, म्हणून तिनं पाटी-पेन्सिल जवळ घेतली. आणि मग लाईट गेली.

लाईट आली, कॉम्प्युटर सुरू करायला गेलो, तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. बराच वेळ तो कुणाची तरी वाट बघत बसला. मग त्यानं कळवलं की आणीबाणी जाहीर झालेली आहे. दुरुस्तीसाठी मुख्य मालकाच्या खात्यातून आत यावं. मुख्य मालकाचं खातं कुलूपबंद आहे. एंटर दाबा. मी दाबलं. दुरुस्तीसाठी मुख्य मालकाच्या खात्यातून आत यावं. मुख्य मालकाचं खातं कुलूपबंद आहे. एंटर दाबा. मी आयुष्यभर लोकांना असंच फिरवलं असेल, पण इतक्या शांतपणे नाही.

मोहसीनला फोन लावला. मागं सनई, पोरांचा गलका. "काका, एफएसटॅबमध्ये काय लिहिलंत?" मी सांगितलं. "नोफेल हा शब्द लिहिलात का शेवटी?"

"तो कशाला?"

"अहो, त्याचा अर्थ हा पेनड्राईव्ह गैरहजर असला तरी चालेल. तो नाही लिहिलात, म्हणून मशीन म्हणतंय, बनुबाई आल्याशिवाय मी कामाला लागणार नाही."

एवढी निष्ठा मी माणसातही पाहिलेली नाही. पण बनुबाई होती माणात, तिचा पुढचा भाग होता कॉम्प्युटरात, आणि कॉम्प्युटर बसला होता बनुबाईची वाट बघत. मोहसीन म्हणाला, "तोच पेनड्राईव्ह लावा, आपोआप सुरू होईल. नाहीतर लग्न आटोपून मी येतोच. तोवर कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका, आतलं सगळं जाईल." धैर्यशील तोवर बाह्या सरसावून दारात आलाच होता. सुभेदार बाळासोंनी आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली आणि बसले. कॉम्प्युटरला पहारा मिळाला.

वस्तीवर रेंज नसते. फाट्यावर तात्याबाचं किराणा दुकान आहे, तिथं निरोप द्यायचा. मी फोनवर ओरडून सांगितलं, "साळूबाईंना म्हणावं, पेनड्राईव्ह उद्याच्या पहिल्या गाडीनं धाडा, अगदी नीट धाडा." तात्याबा म्हणाला, "सांगतु की. पर आवं, मेंढीचं काय झालं त्येवढं तरी सांगा." मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, ते गोपनीय आहे.

शुक्रवारी स्टँडवर गेलो. गाडी आली, पण ड्रायव्हर नवा होता आणि त्यानं डबा नियमाप्रमाणं कंट्रोलरकडं दिला. कंट्रोलर साहेबांनी डब्यावरचं नाव वाचलं. "बनुबाई. तुम्ही बनुबाई?"

"नाही."

"मग आधार दाखवा." दाखवलं. त्यावरूनही मी बनुबाई नसल्याचंच सिद्ध झालं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, त्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. मीही हेच केलं असतं. शेवटी ते म्हणाले, "आत काय आहे ते न बघता सांगा." मी म्हटलं, "भाकरी, खर्डा आणि गोष्टीचा पेनड्राईव्ह." त्यांनी झाकण उघडलं. खर्ड्याचा वास असा आला की रांगेतले दोघे शिंकले. "माणातला हाय," कंट्रोलर म्हणाले आणि डबा माझ्या हातात ठेवला. ओळख पटली.

घरी आलो. पेनड्राईव्ह फडक्यात गुंडाळलेला होता आणि लखलखत होता, नवा असतानाही तो इतका लखलखत नव्हता. मी तो लावला. काही नाही. काढला, झटकला. पाण्याचा थेंब पडला.

पुन्हा तात्याबा. या खेपेला साळूबाई स्वतः फोनवर. "तुमीच म्हनला न्हवं, नीट धाडा म्हून? मग खरकटं भांडं कसं धाडायचं, दाजी? राखंनं घासलं, दोन पाण्यातनं काढलं. दरखेपेला आत्याबाईच डब्यात घालत्यात, त्यास्नी दिसत न्हाई म्हून कंदी धुतल्यालं नसंल." स्टीलची वस्तू, वर ठिपक्यांनी कोरलेलं नाव, डब्यातून ये-जा. त्या बाईचं काय चुकलं? घासूनपुसून परत देणं हे आमच्याकडचं वळण आहे, आणि तिनं ते पाळलं.

सुभेदारांनी पेनड्राईव्ह तांदळाच्या डब्यात पुरला. धैर्यशीलनं बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. शनिवारी सकाळी काढून लावला, तर कॉम्प्युटर अजून बनुबाईची वाट बघतोय. मी खुर्चीत बसून राहिलो. आता मावशी काही मिरजेला जात नाहीत. एका शब्दापायी, माझ्या हौसेपायी, त्यांचे डोळे राहिले, हे मनातून जाईना. राजेश्वरी आत गेली, पातळ बदलून आली आणि पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं: 'आवरा. गाडी धरायची.'

"अगं, पण तुझा घसा?"

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं: 'तुमचा आहे ना.'

दहिवडीपर्यंत गाडी, पुढं तात्याबाची जीप. वस्तीवर पोचलो तर मावशींच्या अंगणात माणसंच माणसं. पटक्यातले धनगर, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पोरंटोरं, सगळी शेवटचा भाग ऐकायला आलेली. मला वाटलं होतं मावशी एकट्या ऐकतात! राजेश्वरी उतरली तशी बायका उठून उभ्या राहिल्या. आमदार आला तरी आमच्याकडच्या म्हाताऱ्या उठत नाहीत हो. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि विचारलं, "अगं, माझा चष्मा कुठाय? जीपमध्ये राहिला का?"

अंगणात जो हशा उसळला! पोरं ओरडायला लागली, "चष्मावालं आलं! चष्मावालं आलं!" एक म्हातारा पुढं येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आवं, तुमी खरंच हाय व्हय? आमास्नी वाटलं गोष्टीतलंच हाय."

तेव्हा सगळा उलगडा झाला. मी दाराबाहेरून जे जे विचारलं होतं, चष्मा कुठाय, चहा झाला का, आज गुरुवार आहे का, ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये गेलं होतं, आणि हिनं त्यातलं अक्षरही कापलं नव्हतं. मेंढी हरवते, पोरगी रडते आणि मधेच मी चष्मा मागतो. वस्तीवर पैजा लागायच्या म्हणे, या खेपेला सापडतोय का न्हाई. मी राजेश्वरीकडं रागानं पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि आवाज नसल्यामुळं नुसते खांदे हलत होते.

मावशींनी तिला जवळ बसवलं, तोंडावरनं हात फिरवला. ही हसत होती, पण हिची नजर घरभर फिरून आली. मीही मग पाहिलं. उद्या मिरजेला जायचं, पण ना पिशवी भरलेली, ना पातळ घडी केलेलं. साळूबाई हळूच म्हणाली, "ऐकायचं हाय त्यास्नी निस्तं. जायचं न्हाई. तात्याबाच्या जीपला कालच नगं म्हनल्यात."

राजेश्वरी माझ्याकडं वळली. मग तिनं माझा कान धरला, अक्षरशः धरला, तोंडाजवळ नेला आणि कुजबुजायला लागली. ती एक वाक्य कुजबुजायची आणि मी ते मोठ्यानं म्हणायचो. अशी मी ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, माझ्याच तोंडून.

धनगराची मेंढी, चांदी नाव. कळप जाताना उसाच्या फडाकडं हरवली. बागायतदारानं ती ठेवून घेतली, वर आपला रंग मारला आणि म्हणाला, माझीच आहे. धनगराची पोरगी गंगी चावडीपर्यंत गेली. आज चावडीत निवाडा. काय सांगू तुम्हाला, ही बाई इतकी सोपी, इतकी नेमकी वाक्यं कानात सोडत होती, की माझाच आवाज मला वेगळा वाटायला लागला. मी जन्मभर मसुदे लिहिले, पण असं एक वाक्य मला कधी जमलं नाही. गंगीनं चांदीला हाक मारली आणि बागायतदाराच्या गड्यानं मेंढीचं तोंड दाबून धरलं, इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, असं कसं? पंचांनी हरकत घ्यायला पाहिजे होती!" चहूकडून आवाज आला, "गप बसा, चष्मावालं! पुढं सांगा!"

पुढं गंगीची आजी उठली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं मेंढीच्या पाठीवरनं, कानावरनं हात फिरवला आणि म्हणाली, ही आमची चांदी. पंच म्हणाले, म्हातारे, डोळ्यानं बघितल्याबिगर साक्ष धरत न्हाई. बागायतदार हसला. तशी आजी म्हणाली, मग मला आठ दिवसांची मुदत द्या. मी डोळे करून येते.

मी एवढं सांगितलं आणि कान पुढं केला. कानात काही येईना. "पुढं?" मी विचारलं. सगळे म्हणाले, "पुढं?" मेंढरंसुद्धा गप्प. मग एकच शब्द कानात आला आणि तो मी मोठ्यानं म्हणेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नाही.

"मिरजेत."

अंगणात आरडाओरडा झाला. "ह्ये न्हाई चालायचं, बाई!" "लबाडी हाय ही!" पटकेवाला म्हातारा तर मलाच मारायला उठला. मावशींनी मात्र मान वळवली. ती न दिसणारी नजर त्यांनी राजेश्वरीच्या दिशेनं कितीतरी वेळ रोखली. मग म्हणाल्या, "टवळे. आईवर गेलीयास." आणि वळून, "साळू, माजं हिरवं पातळ कुठं हाय? तात्याबा, जीप कवा निगती?"

परतताना मी राजेश्वरीला विचारलं, आधी बोलून ठेवलेल्या भागात असंच होतं का? तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यात शेवट पूर्ण सांगितला होता. म्हणजे तो पेनड्राईव्ह वेळेवर पोचला असता, तर मावशी शेवट ऐकून घरीच बसल्या असत्या! मी लगेच निदर्शनास आणून दिलं की एफएसटॅबमध्ये तो शब्द न लिहिण्याचा निर्णय किती योग्य होता. तिनं पाटी पिशवीत घातली.

सोमवारी मिरजेत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी काढायच्या आधी मावशी अडून बसल्या, "आदी शेवट, मग पट्टी." तोवर राजेश्वरीचा आवाज थोडा परतला होता. आख्खा वॉर्ड कान देऊन बसला. आठ दिवसांनी गंगीची आजी डोळे करून चावडीत आली. मेंढी समोर आणली. आजीनं मेंढीकडं पाहिलंच नाही. ती सरळ बागायतदारासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेंढी मला हातानंच कळली होती. मला तुझं तोंड बघायचं होतं, खोटं बोलताना. आता बोल." बागायतदारानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही. या बाईबरोबर मी इतकी वर्षं एका घरात राहतो याचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मग सिस्टरनी मावशींची पट्टी काढली, डोळ्यांत औषध घातलं, आणि त्या बराच वेळ नुसत्या पापण्या हलवत बसल्या.

तेवढ्यात सुभेदारांचा साताऱ्याहून फोन आला. "साहेब, बनुबाई तांदळातून बाहेर काढली, लावली, आणि मशीन सुरू! पोस्ट सुरक्षित आहे." मी विजयानं मोबाईल खाली ठेवतोय तोच मोहसीन सांगलीहून लग्नाची मिठाई घेऊन दारात उभा. मी त्याला सगळी हकिकत सांगितली, एफएसटॅब, आधार नंबर, सगळं. तो ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, रागवू नका. सेटिंगमध्ये एक चौकोन आहे. 'लावल्यावर आपोआप उघडा.' त्यात टिक मारायची. तुमच्यासाठी मीच ती काढून ठेवली होती. एवढंच करायचं होतं." आणि त्यानं आपला लॅपटॉप उघडून माझ्यासमोर धरला.

वॉर्डातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ताठ बसलो. म्हटलं, "असा कुठला चौकोन नसणार. दाखव मला. अगं, माझा चष्मा कुठाय?"

राजेश्वरीनं तोंड उघडलं, पण उत्तर खाटेवरनं आलं.

"आवं जावईबापू, कपाळावं तर हाय."

मी कपाळाला हात लावला. होता. मोहसीननं लॅपटॉप खाली ठेवला, साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि राजेश्वरी खाटेपाशी गेली. मावशी अजून माझ्या कपाळाकडंच बघत होत्या.